बटणं तेवढी राहिलीत

बू कार्सियेमच्या, म्हणजे कार्सियेमबाईंच्या हातचा अंगाबरोबर बसणारा लांब बाह्यांचा केबाया अंगावर चढला की बाई पाच किलोंनी बारीक आणि पाच वर्षांनी लहान दिसायची, याबद्दल बांतुलकडच्या त्या सगळ्या पंचक्रोशीत दुमत नव्हतं. दुमत नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे तो केबाया वेळेवर कधीच मिळायचा नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कार्सियेम मशीनवरून मान वर न करता सांगायची, "झालाच आहे हो, बटणं तेवढी राहिलीत." हे ती इतक्या खात्रीने म्हणायची की ऐकणारीच्या डोळ्यांसमोर तयार केबाया उभा राहायचा. प्रत्यक्षात कापडाची घडीसुद्धा मोडलेली नसायची.

बाई आळशी होती म्हणावं तर तसंही नाही. पहाटे साडेचारला उठायची ती अंधार पडेपर्यंत कामालाच जुंपलेली. पण बाही लावायला घेतली की फोन वाजायचा. फोन बघायला उठली की गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर कोणाच्या तरी मेव्हण्याच्या मांजरीची पिल्लं आलेली असायची. पिल्लं बघून होतात तोच दारात भाजीवाला. भाजीवाल्याशी हुज्जत घालताना आठवायचं की गावप्रमुखाच्या बायकोचं, बू लुराहचं, अस्तर आणायचं राहिलं. अस्तर शोधायला कपाट उघडलं की हातात तिसऱ्याच बाईचं कापड यायचं, आणि तिला दिलेली तारीख कालच उलटून गेली हे लक्षात येऊन पोटात गोळा उठायचा. तो गोळा घालवायला परत फोन. बाही आपली सुईखाली ताटकळत पडलेली.

हल्ली गोळ्याच्या जोडीला छातीत धडधड सुरू झाली होती. नवऱ्याने, मुजियोने, तिला मोपेडवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिने छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि म्हणाली, "हृदय उत्तम आहे."

"मग धडधडतं का?"

"दिवसभर काय काय करता?"

"सगळंच."

"तेच ते. सगळं एकदम करू नका. कुठल्या वेळी काय करायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवा. फोन नजरेआड ठेवा. आणि काळजी करायला एक वेळ ठरवा, रोज पंधरा मिनिटं. बाकी दिवसात काळजी आली तर तिला सांगायचं, तुझी वेळ झाली नाही, नंतर ये."

"आणि ती ऐकेल?"

"तुमची गिऱ्हाइकं ऐकतात की," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या आईचा ब्लाउज सात महिने कार्सियेमकडे पडून होता. तिने औषध कंपनीची एक वही फुकट दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

एरवी कार्सियेमने ती वही भाजीचा हिशेब लिहायला वापरली असती. पण या खेपेला गोष्ट वेगळी होती. तिच्या मुलीचं, रिस्तांतीचं लग्न ठरलं होतं.

रिस शहरातल्या एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला होती आणि शनिवारी घरी यायची. तिला नोकरी लागली त्या दिवशीच कार्सियेमने मोतिया रंगाची लेस आणून कपाटात तळाशी ठेवली होती, लग्नाच्या केबायासाठी. लग्न ठरल्यावर तिने जाहीर केलं, "नवरीचा केबाया मी शिवणार." रिस थोडं थांबली आणि मग म्हणाली, "शिव ना, आई." ते थोडं थांबणं कार्सियेमच्या मनातून जाईना.

त्या थांबण्याला कारण होतं. आठ वर्षांची असताना शाळेच्या नाचात रिसचा घेर खालून तुरपायचा राहिला होता, म्हणून आईने ऐन वेळी सेफ्टीपिना लावून दिल्या. कॉलेजच्या पदवीदानाला डावी बाही कच्च्या टाक्यांवर होती. मंचावर हात पुढे केला आणि बाही कोपरापर्यंत घसरली. पोरगी कधी एका शब्दाने बोलली नाही. फक्त तेव्हापासून तिच्या पर्समध्ये सेफ्टीपिनांचं एक पाकीट कायमचं राहायला आलं. बोलली असती तर बरं, असं कार्सियेमला पुष्कळदा वाटायचं.

लग्नाची बाकीची सगळी कामं मुजियोच्या थोरल्या भावाने, पाकदे दार्मोने अंगावर घेतली होती. तारीख त्याने काढली, मांडव त्याच्या अंगणात पडणार होता, पत्रिका तोच छापून घेणार होता. कार्सियेमला सगळ्यांनी हात जोडून एकच विनंती केली होती, की तू फक्त शिव. तारीख मुजियोने घरी येऊन सांगितली. दवाखान्याच्या त्या आठवड्यापासून पाच आठवडे पुढे, शनिवारी.

कार्सियेमने वहीत पहिला दिवस आखला. साडेपाच ते साडेसहा उजवी बाही. साडेसहा ते सात न्याहारी. सात ते नऊ डावी बाही आणि गळा. नऊ ते दहा बू लुराहचं अस्तर. एकाला एक लागून, श्वास घ्यायलाही फट नाही. सहा चाळीसला भाजीवाला आला आणि सगळी आखणी कोसळली. दुपारी बारा वाजता ती वहीच्या चार तास मागे होती. आत्तापर्यंत तिला चौतीस गिऱ्हाइकांची भीती वाटायची, आता पस्तिसावी ही वही. तिने वही उशीखाली दडपली आणि मांजरीची पिल्लं बघत बसली. पिल्लं बऱ्यापैकी मोठी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती लुंगीचं कापड बेतत होती. खडूने रेघ मारली, रेघेबाहेर सवयीने दोन बोटं माया सोडली आणि कात्री चालवली. चालवता चालवता थांबली. चाळीस वर्षांत तिने एकही कापड माया न सोडता कापलं नव्हतं. रेघेवर कापलं तर शिवण कुठे घालणार? आणि दिवस मात्र नेमका रेघेवर कापला होता. असा शिकाऊ पोरीने ब्लाउज कापला असता तर कार्सियेमने तिला घरी पाठवून दिलं असतं.

"अहो," तिने आतून हाक मारली, "मी मूर्ख आहे."

मुजियो अंगणात आपल्या कवड्याच्या पिंजऱ्याशी होता. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या शहाण्या माणसासारखा तो कवड्याला दाणे घालत राहिला.

आखायचं तर मुळात तारखा खऱ्या हव्यात. म्हणून शुक्रवारी ती मोपेड घेऊन निघाली आणि एकेका गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली. सुरुवात बू लुराहपासून.

"बू, तुमच्या पुतण्याची सुंता बारा तारखेला ना?"

बू लुराह चहा ओतता ओतता थबकली. "का हो? झाला का केबाया?"

"कापलेलाही नाही."

असं उत्तर त्या दारात आजवर कोणी ऐकलं नव्हतं. बू लुराहने किटली खाली ठेवली. "खरं सांगता आहात?"

"खरं सांगते आहे. आता तुम्हीही खरं सांगा."

"मग... सुंता सत्तावीसला आहे."

"आणि मला बारा सांगितलीत!"

"मागच्या खेपेला तुम्ही बटणं राहिलीत म्हणून तीन आठवडे फिरवलंत. बारा सांगितली तेव्हा कुठे सत्तावीसला मिळेल, असा आम्ही आपला अंदाज बांधला. गावात सगळ्याच बांधतात. त्या कोपऱ्यावरच्या म्हातारीने तर तुम्हाला ईदच चुकीची सांगून बघितली होती."

दोघी इतक्या हसल्या की चहा गार झाला. संध्याकाळपर्यंत कार्सियेमला कळून चुकलं की चौतीस गिऱ्हाइकांपैकी एकोणतीस जणी खोट्या तारखा देत होत्या. ती गावाला फसवत होती आणि गाव तिला फसवत होतं. धडधड मात्र तिच्या एकटीच्या वाट्याला आली होती.

दुसरा दिवस शनिवार-वागे. त्या दिवशी कार्सियेम मशीनला हात लावत नसे. काळं, पायाने चालवायचं ते मशीन तिच्या वडिलांचं. तेही शिंपी होते आणि शनिवारी, पाच दिवसांच्या बाजारचक्रातल्या वागेच्या दिवशी गेले होते. वार आणि बाजारदिवस यांची ती जोडी पस्तीस दिवसांनी फिरून यायची. तेव्हा मशीनवर झाकण, झाकणावर वाटीभर फुलं, आणि घरात कुठलंही शुभकार्य नाही. तो दिवस तसा मोकळाच, म्हणून तिने नमुने कापायचा खाकी कागद जमिनीवर अंथरला.

औषध कंपनीच्या वहीत सात रकाने होते. सात रकान्यांत कार्सियेमला आपला महिना सापडतच नव्हता. लेस आणि धागे पोनच्या बाजारात मिळायचे, डोंगराकडच्या बायका क्लिवोनला यायच्या, लेगीला तिची बहीण यायची आणि अर्धा दिवस खायची. म्हणून तिने बाजारदिवसांचे पाच रकाने आखले, खाली सात ओळी, म्हणजे बरोबर पस्तीस चौकोन. उद्याच्या रविवार-क्लिवोनपासून सुरुवात. प्रत्येक कामाला त्याच्याच कापडाची चिंधी कापून टाचली. बू लुराहची हिरवी, डॉक्टरणीच्या आईची जांभळी, रिसची मोतिया. प्रत्येक चिंधीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं कागद मोकळा सोडला. त्या मोकळ्या जागेत भाजीवाला येऊ शकत होता, बहीण खाऊ शकत होती, बाही चुकू शकत होती. आणि रोज साडेचार ते पावणेपाच एक काळी चिंधी, काळजीची.

कागदाकडे बघून तिला कित्येक महिन्यांत प्रथमच खोल श्वास घेता आला. मग लग्न लिहायला तिने शेवटच्या चौकोनात खडू टेकवला आणि हात तिथेच राहिला.

शेवटचा चौकोन शनिवारचा होता आणि वागेच्या रकान्यात होता. म्हणजे आजचाच दिवस फिरून आलेला.

पाकदे दार्मो कोंबडी विकत घ्यायची तरी पंचांग काढणारा माणूस. लग्न ठरताच त्याने स्वतः येऊन दोन्हीकडच्या मेलेल्या माणसांचे दिवस लिहून नेले होते, हे टाळायला. तो नवरीच्या आजोबांच्या मृत्यूच्या दिवशी लग्न धरणं शक्यच नव्हतं. मग ही तारीख त्याची नव्हे. कार्सियेमने बोटं मोजली. पुढचा शनिवार लेगीचा होता, स्वच्छ आणि शुभ. कोणीतरी खऱ्या तारखेतून सरळ सात दिवस वजा केले होते, आणि सात दिवस मागे गेल्यावर बाजारदिवस कुठला पडतो ते बघायचं राहून गेलं होतं.

काल बू लुराहकडे ती पोट धरून हसली होती. आज तसलंच कळून हसू आलं नाही. गावाने अंदाज बांधला तर बांधला. पण पोटच्या पोरीने, बापाच्या तोंडून, तिला गिऱ्हाइकासारखी खोटी तारीख दिली होती. तिला खूप वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे, की रिसचं चुकलं असं काही केल्या म्हणता येईना.

मग तिने नवऱ्याला बोलावलं.

"अहो, तारीख पाकदेंनीच काढली ना?"

"त्यानेच. दुसरं कोण काढणार?" मुजियोने खिशातले कवड्याचे दाणे निवडायला घेतले.

"पंचांग बघून?"

"प... पंचांग बघूनच."

"चष्मा लावला होता?"

"होता की. म्हणजे, जवळच होता."

"मग जरा जाऊन त्यांच्या पाया पडून येते. एवढी बारकाईने तारीख काढली बिचाऱ्यांनी."

"आज नको!" मुजियोच्या हातातले दाणे सांडले. "त्याची कंबर धरली आहे. पाया पडलीस तर त्याला वाकून आशीर्वाद द्यावा लागेल."

कार्सियेमने त्याला दाणे वेचू दिले. भांडून खरी तारीख काढून घेणं अवघड नव्हतं, पाच मिनिटांचं काम. पण रिस जी थोडं थांबली होती ते भांडून पुसलं जाणार नव्हतं. तिने शेवटच्या चौकोनात ‘लग्न’ असं लिहिलं, आणि त्या दिवशी मशीन बंद म्हणून मोतिया चिंधी आदल्या शुक्रवारी संपवली. चौतीस दिवस.

फोन तांदळाच्या पिंपात गेला. दिवसभर तांदूळ वाजायचे. पहिले दोन दिवस कार्सियेम दर आवाजाला उठायची आणि पिंपाच्या झाकणावर हात ठेवून परत यायची. तिसऱ्या दिवशी तिने बाही लावायला घेतली आणि लावून संपवली. संपवल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. सलग लावलेल्या बाहीला तिला जेमतेम चाळीस मिनिटं लागली होती. ही एक बाही लावायला तिला एरवी दोन दिवस लागायचे.

शेजारीण पार्तिनी सकाळी आठला उंबऱ्यात उभी राहिली. "बू, ऐकलंत का, माझ्या जावयाने..."

"चांगलं की वाईट?"

"वाईट. म्हणून तर धावत आले."

"मग साडेचारला या. वाईट साडेचारला."

पार्तिनी फणकाऱ्याने गेली आणि साडेचारच्या ठोक्याला हजर झाली. ज्या गावात सातचं जेवणाचं आमंत्रण म्हणजे पाहुणे साडेआठला अंघोळीला जातात, तिथे हा चमत्कारच. पुढच्या आठवड्यात पाच जणी यायला लागल्या, कोणी सोयाबीनचं तळलेलं तेंपे घेऊन, कोणी केळी. लग्नाला, बारशाला, मयतालाही उशीर करणाऱ्या बायका काळजीला मात्र एक मिनिट उशीर करत नव्हत्या. प्रत्येकीला तीन मिनिटं. पावणेपाचला कार्सियेम हवेत कात्री वाजवायची, की काळजी बंद. गंमत म्हणजे सकाळच्या काळज्या साडेचारपर्यंत टिकतच नसत. निम्म्या बायका दारात येऊन कपाळाला हात लावायच्या, "काय बाई सांगायचं होतं, विसरलेच." पुरुषांना यायची परवानगी आहे का, असं मुजियोने एकदा विचारून पाहिलं. त्याला सांगण्यात आलं की पुरुषांनी आपापली काळजी उभ्या उभ्या करावी.

बू लुराहचा केबाया तारखेच्या तीन दिवस आधी पोचला. तिने तो उलटा करून प्रत्येक शिवण ओढून पाहिली आणि मग नवऱ्याला बोलावून दाखवला. डॉक्टरणीच्या आईचा ब्लाउज पोचला तेव्हा म्हातारीने विचारलं, हा कोणाचा. कार्सियेमची धडधड कधी थांबली ते तिला कळलंच नाही. थांबली आहे हे एके दिवशी भांडी घासताना लक्षात आलं.

मग शेवटच्या आठवड्यातला मंगळवार उजाडला. साडेचारच्या बैठकीत पार्तिनीची पाळी आली आणि ती पदराशी चाळा करत बसली.

"तीन मिनिटं चालू झाली," कार्सियेम म्हणाली.

"माझी काळजी नाही, तुमची आहे. सांगू की नको?"

"काळजी म्हणून आणली आहे ना? मग ठेवा खाली."

"तुमच्या रिसने नवरीला सजवणाऱ्या त्या बाईकडे भाड्याचा केबाया बघून ठेवलाय. माझी भाची तिथे कामाला आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत घरचा झाला नाही, तर तो पक्का करते म्हणाली. रडत होती म्हणे पोरगी. आईला काय सांगू, म्हणत होती."

कोणी तेंप्याला हात लावेना. कार्सियेमने कात्री वाजवली. पावणेपाचला अजून आठ मिनिटं होती.

त्या संध्याकाळी कागदावर काम नेमलेलं नसताना ती मशीनवर बसली, आणि डावी बाही उजवीकडे लावून मोकळी झाली. लेसवरची चुकलेली शिवण उसवणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं काम, एकेक टाका चिमटीत धरून. ते पाहताच छातीत पुन्हा सुरू झालं. जुनी कार्सियेम असती तर ती तडक पिंपाकडे गेली असती. नवी कागदापुढे जाऊन उभी राहिली. बुधवारी मोतिया चिंधीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं कोरी होती. गुरुवारीही होती. बाही चुकू शकेल म्हणून सोडलेली जागा, आणि बाही चुकली होती. यात भिण्यासारखं काय होतं? तिने दिवा मालवला आणि झोपायला गेली.

बुधवारी दुपारी उसवणं चालू असताना बू लुराह धापा टाकत आली. "बू, माझ्या नणंदेला उद्याच्या उद्या एक ब्लाउज. तुम्ही आता वेळेवर देता म्हणून मी शब्द देऊन बसले!"

कार्सियेमने आयुष्यात ‘नाही’ हा शब्द गिऱ्हाइकापुढे उच्चारला नव्हता. ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘होईल’ म्हणून न करणं तिला नेहमीच सोपं गेलं होतं. तिने तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "नाही होणार."

"बटणं तेवढी राहिली तरी चालेल हो!"

"नाही होणार, बू. सोमवारी घेते. उद्या आणि परवा माझ्या पोरीचे आहेत."

बू लुराह रागावेल असं तिला वाटलं होतं. बू लुराहने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मोतिया चिंधीला बोट लावलं, आणि सोमवार म्हणून निघून गेली. एवढंच होतं तर चाळीस वर्षं आपण काय करत होतो, असं कार्सियेमच्या मनात आलं. हा विचार तिने साडेचारला ढकलला.

शनिवारी दुपारी रिस आली. मशीनवर झाकण होतं, झाकणावर वाटीत फुलं होती. तिने फुलांकडे पाहिलं, पण दिवस मोजायचं तिला सुचलं नाही. शहरात राहिलं की बाजारदिवस विसरतात. मुजियो पिंजऱ्यामागे जाऊन उभा राहिला.

"आई," रिस म्हणाली. तिने पर्स छातीशी धरली होती. "नसेल झाला तर खरंच चालेल. म्हणजे, मी रागावणार नाही."

"झालाच आहे," कार्सियेम म्हणाली. "बटणं तेवढी राहिलीत."

रिसचा चेहरा पडला नाही. तेच वाईट होतं. तिला ते ठाऊकच होतं, आणि तिने ते हसून घेतलं. "बरं," ती हळूच म्हणाली आणि पर्समधला फोन चाचपायला लागली.

"लावायची नाही गं, मोजायची राहिलीत. ये, मोज."

कार्सियेमने कपाट उघडलं. मोतिया केबाया हँगरला सरळ लटकत होता, खाली तुरपलेला, आत अस्तर लावलेला. रिस पाठीवरच्या बटणांवरून बोट फिरवत मोजायला लागली. अकरापर्यंत गेली, चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अठरा होती. मग तिने बाह्या ओढून पाहिल्या. घेराची किनार उलटून पाहिली. आणि मग ती केबायात तोंड खुपसून रडायला लागली.

"डाग पडेल," कार्सियेम म्हणाली, पण तिने तिला दूर केलं नाही.

"आई, लग्न आज नाही."

"हो का?"

"पुढच्या शनिवारी आहे. मी आणि बाबांनी..."

"तुझे आजोबा शनिवार-वागेला गेले, पोरी. आज. पस्तीस दिवस झाले मला कळून."

पिंजऱ्यामागून मुजियोचा आवाज आला, "अरे देवा, वागे होता होय!" कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"कळलं होतं, तर सांगायचं ना! तुला अजून एक आठवडा मिळाला असता."

"मिळाला असता," कार्सियेम म्हणाली. "आणि मी तो घेतला असता. म्हणून नाही सांगितलं."

रिसने नाक पुसलं. मग पर्स उघडली, सेफ्टीपिनांचं ते पाकीट काढलं आणि फुलांच्या वाटीशेजारी ठेवून दिलं. "हे आता तुझ्याकडे ठेव."

साडेचारला बायका जमल्या. केबाया आधीच सगळ्यांचा बघून झाला होता, त्यामुळे काळजीला कोणाकडे फारसं काही नव्हतं. पार्तिनी म्हणाली, "बू, आज तुमची पाळी. पण तुम्हाला आता कसली काळजी?"

कार्सियेमने वाटीशेजारचं सेफ्टीपिनांचं पाकीट उचलून मांडीवर घेतलं.

"कुठेही काही उसवलं, की रिस पिन काढायची आणि तिला मी आठवायची," ती म्हणाली. "शिव्या देत असेल, पण आठवायची. आता ती सासरी बिनपिनांची जाणार. मग मी कशी आठवेन?"

आत, दाराआड, रिस बाटिकची घडी घालत होती. तिच्या हातातली घडी अर्धी राहिली. पावणेपाच झाले तरी त्या दिवशी कात्री वाजली नाही.

हाती आलेल्या त्या कोऱ्या आठवड्यात कार्सियेमने मुजियोचा अकरा वर्षं बटणं राहिलेला शर्ट पूर्ण केला. तो त्याला पोटावर लागत नव्हता, तरी त्याने तो लग्नात घातला आणि दिवसभर श्वास रोखून फिरला.

शनिवार-लेगीला, मांडवात जायच्या आधी, कार्सियेमने मुलीचा केबाया पाठीमागून नीट केला. अठराही बटणं जागच्या जागी होती. खांद्यावरची लेस सारखी करताना तिचा हात काखेखालच्या शिवणीवर गेला आणि आतून काहीतरी टोचलं. तिने कड उलटून पाहिली. अस्तराला आतल्या बाजूने एक सेफ्टीपिन लावलेली होती. तिथे काहीच उसवलेलं नव्हतं.